घट बसेपर्यंत: चार घटपर्णींची प्रकल्प नोंद

12 ऑक्टोबर 2024

आज दसरा. सकाळी देव्हाऱ्यातले घट उठले आणि संध्याकाळी मी घटपर्णींची, म्हणजे पानाच्या टोकाला किडे पकडणारा घट धरणाऱ्या वेलींची, ऑर्डर देऊन टाकली. आई म्हणाली, "एक घट उठत नाहीत तोवर दुसरे बसवायला निघालीस." वहीचं नाव तिथेच ठरलं.

मागवलेलं: व्हेन्ट्राटा दोन, मिरांडा एक, अँप्युलारिया एक. विक्रेता केरळचा. कुंडी पाठवत नाही, मुळं ओल्या मॉसमध्ये (शेवाळात) गुंडाळून रोप पाठवतो. त्याच्या यादीत खासियानाही होती, दोनशे रुपयांना. भारतात रानात उगवणारी घटपर्णीची ती एकमेव जात, मेघालयातल्या गारो, खासी आणि जैंतिया टेकड्यांमधली. गारो लोक तिला 'मेमांग कोकसी' म्हणतात, म्हणजे भुताची टोपली. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 खाली ती संरक्षित आहे, वाढवायला नि विकायला परवाना लागतो. परवाना आहे का विचारलं, तर उत्तर आलं, "मॅडम, रोप एकदम हेल्दी आहे." सोडून दिली.

हे खूळ डोक्यात शिरलं कासला. गेल्या महिन्यात सड्यावर पोटावर पडून दवबिंदू नावाच्या रोपाचे चिकट केस पाहिले, शेजारी सीतेची आसवं या फुलांचा निळा गालिचा. दोन्ही कीटकभक्षी, दोन्ही आपल्याकडची. पण पाऊस सरला की ती संपतात. घटपर्णी वेल आहे, वर्षानुवर्षं राहते. म्हणजे तिला पुण्याचा मार्चही सोसावा लागणार.

14 ऑक्टोबर

झाडं यायच्या आधी पाणी. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर घेऊन घरभर फिरले. सोसायटीची बोअर 540. नळाचं 130. आरओचं 75, कारण आमच्या मशीनमध्ये चव यावी म्हणून थोडं कच्चं पाणी परत मिसळायचा व्हॉल्व्ह आहे. परवाच्या सरीत गच्चीवर धरलेलं पावसाचं पाणी 9. बॅटरीच्या दुकानातलं डिस्टिल्ड 2.

पन्नासच्या आत हवं. या झाडांची मुळं निकस, धुपलेल्या जागी वाढलेली. कुंडीतलं पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात, दर पाण्याला थोडे थोडे साठत जातात. बोअरचं पाणी घातलं तर झाड लगेच मरणार नाही, तीन महिन्यांनी मरेल आणि का मेलं ते कळणार नाही.

पावसाचं पाणी 40 लिटर, झाकणाच्या दोन ड्रममध्ये भरून ठेवलं.

16 ऑक्टोबर

पार्सल आलं. खोक्यावर 'ही बाजू वर' असा भलामोठा बाण आणि डिलिव्हरीवाल्याने तो जमिनीकडे करून ठेवलेला.

आतली स्थिती. दोन्ही व्हेन्ट्राटांचे मिळून अकरा घट, त्यातले तीन तपकिरी, बाकी चेपलेले पण जिवंत. मिरांडाचा एकुलता एक वीतभर घट तणाव्यापाशी, म्हणजे पानाला घट जोडणाऱ्या दोरीसारख्या भागापाशी, मोडलेला. अँप्युलारियाचे घट अंजिराएवढे, ढेरपोटे, झाकण मागे पडलेलं; ही जात पावसाळी जंगलाच्या जमिनीवर बसून वरून पडणारा पालापाचोळासुद्धा पचवते. सगळ्याच घटांतला रस सांडून मॉसमध्ये गेलेला.

मॉस सोडवल्यावर मुळं दिसली. काळी, केसासारखी बारीक, हात लागला की तुटणारी. आईने चष्मा न लावताच निकाल दिला: "कुजलीयेत." मीही दोन मिनिटं घाबरले. पण घटपर्णीची मुळं काळीच असतात. कुजलेलं मूळ चिमटीत धरलं की साल निसटते आणि वास येतो. यांना वास नव्हता, दोन-तीन मुळांची टोकं फिकट होती, म्हणजे चालू होती. मॉसचा शेवटचा गोळा मुळांना तसाच चिकटलेला ठेवला. तो काढायच्या नादात मुळं जातात.

भरण: मॉस दोन भाग, पर्लाइट (हलके पांढरे खडे) एक, ऑर्किडला घालतात ते सालीचे तुकडे एक. कोकोपीटची वीटही आणली होती. पहिल्या धुण्याचं पाणी 1,150, तिसऱ्याचं 160. ती कढीपत्त्याला गेली. माती नाही, शेणखत नाही, गांडूळखत तर नाहीच. आईला हे अजून पटलेलं नाही. "नुसत्या भुशात कोण जगतं?" तर हे जगतं. नायट्रोजन मुळांतून मिळत नाही म्हणून तर पानाचं टोक फुगवून सापळा केलाय त्याने. मुळांना खत घातलं की ती जळतात.

कुंड्या प्लास्टिकच्या, पाच इंची. मातीची कुंडी अंगावर क्षार धरते.

रिकाम्या घटांत ड्रॉपरने थोडं थोडं पाणी घातलं, पाव घटापर्यंत. तुडुंब नाही. उरलासुरला रस पातळ होतो आणि वजनाने तणावा खाली येतो.

17 ऑक्टोबर

आता खरं काम. ही झाडं कालपरवापर्यंत पॉलिहाऊसच्या दमट हवेत होती. आमच्या गॅलरीत दुपारी तीनला आर्द्रता 41 टक्के. दमट हवेत उघडलेलं पान पाणी राखायला शिकलेलं नसतं, आणि आता ते शिकणारही नाही. जुनं पान बदलत नाही; इथे जन्मलेलं नवं पान इथल्या हवेचं असतं. म्हणजे माझं काम जुने घट वाचवायचं नाहीच. नवं पान येईपर्यंत झाडाला तग धरायला लावायचं, एवढंच.

मांडणी:

व-1 (पहिली व्हेन्ट्राटा): पारदर्शक पिशवीत. ड्रायक्लीनिंगहून साड्या येतात त्याच पिशव्या, आत चार काड्यांचा मांडव. दर तीन दिवसांनी उदबत्तीने चार भोकं पाडायची. प्लास्टिक चिरत जात नाही, गोल भोक पडतं, कडा वितळून पक्की होते.

व-2 (दुसरी व्हेन्ट्राटा): उघडी. त्याच रॅकवर, त्याच उजेडात. हिचा बळी देतेय असं वाटलं, पण दोन एकसारखी झाडं असताना न करून बघणं बरं नाही.

मिरांडा: पिशवीत.

अँप्युलारिया: हॉलमधल्या जुन्या फिशटँकमध्ये, तळाला ओलं मॉस, वर काच थोडी सरकवून, 20 वॅटची एलईडी ट्यूब बारा तास.

खत नाही, फवारा नाही, रोज कुंडी उचलून बघणं नाही. यातलं तिसरं सगळ्यात अवघड जाणार.

20 ऑक्टोबर

व-2ची पानं लोंबलीत. घट वरून खाली वाळतात: आधी झाकणाची कड, मग तोंडाची लाल कडा, मग पोट. सहापैकी चार त्या वाटेवर. व-1 पिशवीत टवटवीत. आईचा व-2वर जीव आलाय. "घाल गं तिला पण पिशवी." नाही घातली.

25 ऑक्टोबर

आज माझी चूक. सविस्तर लिहिते, कारण वाचलेलं असूनही केली.

गॅलरी आग्नेयेला. झाडं आली तेव्हा आठवडाभर ढग होते, तेव्हा ऊन कुठवर येतं ते पाहिलं आणि रॅक 'सावलीत' ठेवला. पण सूर्य रोज दक्षिणेकडे सरकतोय. जून-जुलैत कठड्यावरच थांबणारं ऊन आता घरात दोन फूट आत शिरतं. मी ऑफिसात. संध्याकाळी येऊन मिरांडाच्या पिशवीतला थर्मामीटर पाहिला, दिवसभरातला सर्वांत वरचा आकडा 46.

दोन पानं गेली. वाळली नाहीत, शिजली. उकडलेल्या अळूसारखी, पलीकडचं बोट दिसेल अशी हिरवट पारदर्शक. बंद पिशवीवर थेट ऊन म्हणजे मोदकपात्र, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

केलेलं: रॅक भिंतीला, 50 टक्क्यांची हिरवी जाळी, दोन्ही पिशव्यांचा माथा कापला. पानं तशीच ठेवली. मधली शीर अजून हिरवी आहे, तेवढ्यावर झाडाचं काही चालत असेल. व-1 रॅकच्या आतल्या बाजूला असल्याने वाचली.

1 नोव्हेंबर

लक्ष्मीपूजन. गॅलरी पणत्यांना दिली, रॅक आतल्या खोलीत. नोंद नाही.

6 नोव्हेंबर

व-1च्या कुंडीतून वास. आधी मुळंच सडली असं वाटलं. मग सगळ्यात चांगल्या घटात बॅटरी मारली. आत चकली. भाऊबिजेला दादाकडचे सगळे आले होते तेव्हाची, तीन दिवस भिजून फुगलेली, वर पांढरी बुरशी, कडेने तेलाचा तवंग. भाच्याला फोन केला. "आत्या, ते उपाशी होतं." वय वर्षं सहा, काय बोलणार.

तेल आणि मीठ, दोन्ही घटाला नको. मुंगी पडली तर पचते, कारण ती छोटी असते आणि रसात विरते. एवढा मोठा घास नुसता सडतो, आणि सडका घट पानापर्यंत तपकिरी होत जातो. घट तणाव्यापाशी कापला, पान ठेवलं. घट गेला तरी पान उन्हाचं काम करत राहतं, म्हणून मी कधीच अख्खं पान छाटत नाही.

मॉसवरही थोडी पांढरी बुरशी. भोकं 28 झालीत, आता रात्री पिशवी पूर्ण काढते, सकाळी घालते.

13 नोव्हेंबर

डेंग्यूची तपासणी करणारे दोघं आले. कुंड्यांखालच्या ताटल्या, फ्रिजचा ट्रे, सगळं पाहिलं. माझ्या खडे घातलेल्या ताटलीत पाणी होतं (आर्द्रता वाढावी म्हणून). "ताई, हे आधी ओता." ओतलं. मग त्यातल्या एकाला घट दिसले. बॅटरी मारून आत बघितलं. "यात पण पाणी आहे की."

मी ऐटीत सांगितलं, यात पडलेला किडा पचतो. तो म्हणाला, "आणि डासाची अळी?" इथे मी अडकले. कारण जंगलात घटपर्णीच्या घटांत राहणाऱ्या डासांच्या अळ्या खरंच असतात, त्या रसातच वाढतात आणि त्यांना काही होत नाही. आपल्याकडचा डेंग्यूचा डास तिथे तगेल का, यावर पैज लावायची माझी तयारी नव्हती. चारही झाडांचे सगळे घट त्यांच्यासमोर बॅटरीने तपासले. अळी नाही. दर रविवारी पाहीन असं कबूल केलं.

ताटल्या कायमच्या गेल्या. त्याऐवजी रॅकच्या मागे गोणपाट टांगलं, सकाळ-संध्याकाळ भिजवायचं. दुपारी तीनला आर्द्रता आता 47, गोणपाट नसलेल्या टोकाला 39.

20 नोव्हेंबर

मतदानाची सुट्टी, सकाळीच बोटाला शाई लावून आले. आणि निवांत मोजमाप.

नवं पान दोघींना! व-1चं 7 सेंमी, व-2चं 5.5. व-2चा एकही जुना घट उरलेला नाही, खालची दोन पानं पिवळी, पण नवं पान हाताला जाड लागतं, चामड्यासारखं. व-1चं मऊ आहे. दोघींच्या पानांच्या टोकाला तणावा आणि तणाव्याच्या टोकाला तिळाएवढी तपकिरी गाठ, बारीक लव असलेली. घट होणार असेल तर तो हाच.

व-1ची पिशवी आज कायमची काढली.

29 नोव्हेंबर

पहाटे गॅलरीत पारा 11.4. टँकमध्ये 18.

घटपर्णींच्या दुनियेत दोन घराणी. सखल भागातल्या आणि डोंगरावरच्या. सखल भागातल्यांना रात्रीही वीसच्या वर लागतं. डोंगरावरच्यांना उलट, रात्र गार नसली तर त्या खंगतात. त्या पुण्याच्या मेमध्ये टिकायच्या नाहीत, म्हणून मागवल्याच नाहीत. व्हेन्ट्राटा फिलिपिन्सच्या दोन जातींचा संकर, दोन्हीकडचं थोडं थोडं सोसते, म्हणून नवशिक्याच्या गळ्यात तीच बांधतात. अँप्युलारिया पक्की सखल भागातली. तिचं पान उलगडताना मध्येच थांबलंय. टँकवर रात्री जुनी शाल टाकायला लागले. आई म्हणते, आता आजीचं झाड झालं.

थंडीत पाणी कमी. कुंडी उचलून वजनावरून ठरवते: जड आहे, नको.

10 डिसेंबर

मध्ये ढगाळ हवा आली, पहाटेचा पारा वर गेला, अँप्युलारियाचं पान पुढे सरकलं. बाकी काही नाही. काहीच न करणं हेच या महिन्याचं काम आहे आणि ते माझ्याच्याने होत नाही. काल व-2ची गाठ नखाने चाचपली. करू नये.

29 डिसेंबर

व-1ची गाठ वाळली. तिळाची तिळाएवढीच राहिली आणि काळी पडली. एकदा टोक मेलं की त्या पानाला घट येत नाही, पुढच्या पानाची वाट बघायची. व-2ची मात्र तांदळाच्या दाण्याएवढी झालीये.

मला उलटं अपेक्षित होतं. तर्क असा की व-1चं पान पिशवीच्या दमटपणात घडलं आणि गाठ धरली त्याच दिवशी मी पिशवी काढली. व-2ला सुरुवातीला जे भोगायचं ते भोगून झालं होतं. पण एक झाड इकडे, एक तिकडे, त्यावरून नियम काढता येत नाही. व-1चा सगळ्यात चांगला घट चकलीने खाल्ला हेही हिशोबात धरायला हवं. पुढच्या वेळी पिशवी घालणार का? मिरांडासारख्या मोठ्या पानाच्या झाडाला हो, पंधरा दिवस. व्हेन्ट्राटाला नाही.

14 जानेवारी 2025

संक्रांत. टँकमध्ये पिठ्या ढेकूण. अँप्युलारियाच्या पानांच्या बेचक्यात कापसाचे ठिपके, मोजून नऊ. नवी झाडं आणली की महिनाभर वेगळी ठेवावीत ती यासाठीच. यांनी अंडी केरळहून आणली की शेजारच्या जास्वंदीवरून आली, काही कळायला मार्ग नाही. स्पिरिटमध्ये इअरबड बुडवून एकेक टिपला. दर तीन दिवसांनी परत. हाताला तिळगुळाचा वास, नाकात स्पिरिटचा.

मिरांडा बुडापासून नवा फुटवा काढतेय. शिजलेली पानं आज कापली.

31 जानेवारी

व-2चं टोक. आठवडाभर रोज सकाळी फोटो, हात न लावता.

आधी गाठ जमिनीकडे लोंबत होती. मग तणाव्याने आकडा घेतला आणि टोक वर वळलं. चपटं झालं, दोन बाजूंना दोन शिरा उठल्या. 28 तारखेला दीड सेंमी, हिरवट, बंद पाकिटासारखं. आज सकाळी पाहते तर रात्रीत फुगलेलं. चपटेपणा गेला, पोट आलं. झाकण अजून घट्ट, कडेला शिवण दिसते. उजेडासमोर धरलं तर आत तळाला रस हललेला कळतो. अजून बाहेरची हवाही लागलेली नाही आणि रस तयार.

5 फेब्रुवारी

उघडला! साडेचार सेंमी.

झाकण सकाळी सातला एका कडेने सुटलं होतं, ऑफिसातून आले तोवर पूर्ण वर. तोंडाची कडा मात्र अजून आत दुमडलेली, फिकट हिरवी. ती येत्या दोन-चार दिवसांत बाहेर वळेल, कडक होईल, लाल पडेल. केरळहून आलेले घट याच्या दुप्पट होते. हा बुटका आहे, जाड आहे आणि इथला आहे.

आई कामवाल्या मावशींना बोलावून दाखवत होती. "कुजलं होतं हो हे."

9 फेब्रुवारी

कडा लाल. झाकणाखाली मधाचे थेंब. दुपारी पावणेदोनला पहिली मुंगी कडेवर, दोन फेऱ्या मारून परत गेली. दुसरी आत डोकावली आणि निघून गेली. कडा ओली असली की खरी निसरडी होते, आणि आत्ता हवा कोरडी ठाक. गोणपाट भिजवलं तेव्हा थोडे तुषार उडाले कडेवर. ते मुद्दाम केलं असं आई म्हणते.

23 फेब्रुवारी

दुपारी तीनला 22 टक्के, पारा 34. ड्रममधलं पावसाचं पाणी सहा लिटर उरलंय, पुढे बॅटरीच्या दुकानातलं डिस्टिल्ड. आरओवाल्याला बोलावून मिसळणीच्या आधीच्या नळीला वेगळी तोटी बसवायची, तिथलं पाणी 18 येतं.

अँप्युलारिया: पिठ्या तीन आठवड्यांत दिसलेला नाही. नवं पान पूर्ण, गाठ मोहरीएवढी. टँकमध्येच राहील, बाहेर काढायचा विचार जुलैत.

मिरांडा: फुटव्याला दोन पानं, घट नाही.

व-1: दुसऱ्या पानाची गाठ तांदळाएवढी, वर वळतेय.

व-2: घटात बॅटरी मारली, रविवारची तपासणी. अळी नाही. मुंग्या दोन, एक अजून पाय हलवतेय. गोणपाट सातला भिजवलं, साडेनऊला कोरडं.